पेपर नऊचा, गाडी पहाटेची

अभियांत्रिकीच्या सीईटीला तीन विषय असतात, असे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचे म्हणणे आहे. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, गणिताचे ५०. गणिताला प्रत्येकी दोन गुण, म्हणून एकूण २००. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या विद्यार्थ्याला मात्र चौथाही विषय असतो, आणि तो म्हणजे एसटी. या विषयाला पाठ्यपुस्तक नाही, क्लास नाही, गुण तर नाहीतच. तरी तो सक्तीचा आहे, त्याचा पेपर सर्वांत आधी होतो आणि त्यात नापास झालेल्याला बाकीच्या तिन्हींना बसता येत नाही. सीईटीत उत्तर चुकले तर गुण कापत नाहीत. गाडी चुकली तर सगळेच कापले जातात. हा चौथा विषय काढून टाकता येतो, आणि तोही फुकटात, एवढेच येथे सिद्ध करायचे आहे.

सुरुवात भूगोलापासून करू. कर्जत म्हटले की निम्म्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे लोकल येते आणि उरलेल्याच्या तोंडाला बटाटेवड्याने पाणी सुटते. ते कर्जत रायगड जिल्ह्यातले, मध्य रेल्वेवरचे. आपले कर्जत नुसते नावाचे भाऊ. वाटणीत रेल्वे सगळी तिकडे गेली. दौंड-मनमाड मार्ग पश्चिमेला श्रीगोंद्याच्या बाजूने निघून जातो, पुणे-सोलापूर मार्ग भीमेपलीकडून भिगवणवरून. दोघांनीही कर्जतला लांबूनच रामराम केला आहे. तरी शहरात कोणालाही 'कर्जतहून आलोय' म्हणून सांगा, तो कळवळून विचारणार, 'लोकलला फार गर्दी होती का हो?' अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा सिद्धिविनायक याच तालुक्यात आहे. सिद्धी मिळावी म्हणून सारा महाराष्ट्र इकडे येतो आणि इथला विद्यार्थी तीच मिळवायला पहाटे उठून परगावी जातो. आणखी एक गंमत अशी की एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला. म्हणजे एसटीवर पहिला मान याच जिल्ह्याचा. मान आहे, जागा मिळेलच असे नाही.

आता अंकगणित. सकाळच्या सत्राचा पेपर नऊला, पण केंद्रावर साडेसातला हजर राहायचे. केंद्र अहिल्यानगरला मिळाले तर नशीब चांगले. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. कर्जत ते मिरजगाव, तिथून सोलापूर रस्त्याने रुईछत्तीसीवरून शहर. वाटेत हात करणारा प्रत्येक प्रवासी एसटीचे दैवत, त्याच्यासाठी थांबायचेच, म्हणून दोन तास धरावेत. गाडी माळीवाड्याच्या स्थानकावर पोचली की प्रवास संपला असे मानणारा विद्यार्थी नवखा समजावा. विळद घाटातले काय, नेप्तीतले काय, अभियांत्रिकी महाविद्यालये शहराबाहेर मोकळ्या जागेवर उभी राहतात. विळद घाट तर मनमाड रस्त्याला. सोलापूर रस्त्याने आलेल्याने अख्खे शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला निघायचे. रिक्षावाला परीक्षेचा दिवस ओळखून असतो. मागणी वाढली की भाव वाढतो हा बारावीच्या अर्थशास्त्रातला नियम विज्ञान शाखेच्या मुलाला तो प्रात्यक्षिकासह शिकवतो. साडेसातपासून हे सगळे उलटे वजा करत गेले की कर्जत सोडायची वेळ पावणेपाचच्या आसपास येते. भांबोऱ्याच्या किंवा चापडगावच्या मुलाला त्याआधी कोणाच्या तरी मोटारसायकलवरून कर्जत गाठायचे आहे. थोडक्यात, तीन तासांच्या पेपरसाठी तो रात्री तीनला उठतो आणि पहिला प्रश्न डोळ्यांसमोर येईपर्यंत सहा तास जागा असतो. पहाटेच्या त्या प्रवासात त्याने वेग, काळ आणि अंतर यांची जेवढी उदाहरणे सोडवलेली असतात, तेवढी प्रश्नपत्रिकेतही नसतात.

सोबत कोणी जायचे, हेही एक गणित आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे मुलगी आणि आई मिळून एक तिकीट होते, मुलगा आणि वडील मिळून दोन. वर्षभर अभ्यासाकडे लक्ष ठेवून असलेले वडील ऐन दिवशी फाट्यावरून हात हलवताना दिसतात, त्यामागे जिव्हाळ्याची कमतरता नाही, काटकसर आहे. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पासही मिळतो, आणि अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी तर शेजारच्याच जामखेड तालुक्यात. पण तो पास घर ते शाळा एवढ्यापुरता असतो. परीक्षा केंद्र ही शाळा नव्हे, याविषयी कंडक्टरच्या मनात शंका नसते. त्यात सीईटी येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे भर लग्नसराईत. गाडीत निम्मे वऱ्हाड आणि निम्मे परीक्षार्थी असतात. वऱ्हाडी विचारतात, 'कितवीला हाये गं?' आणि उत्तर ऐकून सांगतात की आमच्या भाच्याने पण दिली होती, नाही लागला नंबर. मनोधैर्य खचवण्याचा हा कार्यक्रम विनामूल्य असतो.

यावर अनुभवी मंडळी सांगतात, 'मग आदल्या दिवशी जावे.' हा सल्ला उत्तम आहे. फक्त त्याने आमचेच म्हणणे सिद्ध होते. तीन तासांच्या परीक्षेला दोन दिवस लागतात, हीच तर तक्रार आहे. शिवाय आदल्या दिवशी गेलेला मुलगा लॉजवर उतरत नाही, नातेवाइकांकडे उतरतो. केंद्र पुण्याला असेल तर काकांनी 'शिवाजीनगरला उतर' असे बजावलेले असते, आणि शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलेले असते. तिथून वन बीएचके गाठल्यावर काकू प्रेमाने वाढतात, चुलतभावंडे टीव्ही लावतात आणि काका झोपण्यापूर्वी विचारतात, 'साधारण किती पर्सेंटाइल पडतील?' यापेक्षा एसटीतली झोप बरी. 'गाडी करून जावे' म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. ज्यांना ते परवडते ते हा लेख एसटीत बसून वाचत नसणार.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो थोरामोठ्यांच्या नावाने येतो. 'महर्षी कर्वे परीक्षेसाठी चालत गेले होते!' गेले होते, हे खरे. कोकणातल्या मुरूडहून साताऱ्यापर्यंत, पावसापाण्यातून, डोंगर ओलांडून, शंभराहून अधिक मैल. पण गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. साताऱ्याला पोचल्यावर काय झाले? मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ते पास झाले ते कोल्हापूरहून. म्हणजे या गोष्टीचे तात्पर्य 'कष्टाने यश मिळते' असे नसून 'पायपिटीचा आणि निकालाचा संबंध नाही' असे आहे. तरीही प्रवासाच्या हालांनी चारित्र्य घडते असे कोणाचे म्हणणे असेल, तर हा लाभ एकट्या कर्जतकरांनी का घ्यावा? दादरच्या विद्यार्थ्यांना मिरजगाव केंद्र द्यावे, हजेरी सकाळी साडेसात. चारित्र्य सर्वांचेच घडू द्या.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मान्य करायला हवा. २०१९ पासून सीईटी संगणकावर होते. बारावीचा पेपर कर्जतच्या वर्गात बाकावर बसून देता येतो, कारण त्याला खोली, पर्यवेक्षक आणि सीलबंद पाकीट पुरते. सीईटीला शेकडो सारखे संगणक, जोडणी आणि तीन तास न जाणारी वीज लागते. यातली शेवटची अट वाचून ग्रामीण भागातला कोणीही माणूस प्रत्येक तालुक्याला केंद्र मागायचे सोडून देईल. आमचीही ती मागणी नाही. केंद्र आहे तिथेच राहू द्या; घड्याळ हलवा.

कारण सीईटी एका वेळी होतच नाही. ती बरेच दिवस चालते, रोज सकाळी नऊ आणि दुपारी दोन अशा दोन सत्रांत. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लावतात आणि कोणत्याही सत्रात बसले तरी फरक पडत नाही असे परीक्षा घेणारेच सांगतात. ठीक आहे, फरक पडत नाही ना? मग ज्याचा पत्ता केंद्रापासून लांबच्या तालुक्यातला आहे, त्याला दुपारचे सत्र द्या. त्यात सवलत नाही, आरक्षण नाही, एक रुपयाचा खर्च नाही. जागावाटप करणाऱ्या संगणकाला एक जादा सूचना, बस्स. दुपारच्या सत्राची हजेरी साडेबाराला. उजाडल्यावर निघालेली गाडीही वेळेत पोचते. देशभरातली नीट दुपारी दोनला सुरू होते आणि त्यामुळे डॉक्टरांचा दर्जा घसरल्याची ओरड अजून कोणी केलेली नाही. शहरातल्या मुलांना सकाळी बसवले म्हणून त्यांच्यावर अन्याय होईल, असे म्हणाल तर सत्रे सारखी नाहीत हे तुम्हीच कबूल करता. आणि सत्रे सारखी असतील तर अन्याय कसला? दोन्हीकडून उत्तर एकच येते.

एक शंका उरते: पाचला पेपर सुटला तर परतायला रात्र होईल, मुलींचे काय? शंका रास्त आहे. पण मुलीबरोबर आई अर्ध्या तिकिटात आलेलीच असते. आणि उशीर व्हायचाच असेल तर तो परतीला झालेला बरा. परीक्षा केंद्राचे फाटक ठरल्या मिनिटाला बंद होते, घराचे होत नाही. परतीच्या प्रवासात डुलकी लागली तर गुण जात नाहीत, फार तर मिरजगाव जाते.

तेव्हा परीक्षा कक्षाला एवढीच विनंती. अर्जात आईचे नाव, जात, अधिवास, उत्पन्न असे सगळे तुम्ही विचारताच. त्यात आणखी एक रकाना वाढवा: 'तुमच्या गावाहून पहिली एसटी किती वाजता?' उत्तर वाचा आणि मग सत्र ठरवा.