टाळकं शाबूत राखण्याची सोपी पद्धत

इलेक्ट्रिक सायकल घेतल्याबद्दल अभिनंदन. बारामतीहून इंदापूर साधारण पन्नास किलोमीटर. माहितीपत्रकावर विश्वास ठेवलात तर एका चार्जिंगमध्ये पोहोचाल. बॅटरीवर ठेवलात तर निमगाव केतकीपासून पुढे पायडल मारत जाल. दोन्ही प्रवासांत डोकं सोबत न्यावं लागतं, म्हणून नवशिक्यांसाठी हे पाच धडे.

धडा पहिला : कायदा

मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर तुमची सायकल कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही, मागे ‘एमएच ४२’ची पाटी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९, म्हणजे हेल्मेटचं कलम, तुम्हाला लागत नाही. सबब १००० रुपयांचा दंडही नाही. ज्या जिल्ह्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले, त्या जिल्ह्याच्या रहिवाशाला याहून मोठं सुख कोणतं?

इथे बहुतेक नवशिके पुस्तक मिटतात. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं : आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते, तेव्हा काटेवाडीत तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. सायकलवरून पडणाऱ्यासाठी कुणी काही अंथरत नाही.

ताजा कलम : कुण्या गॅरेजवाल्याने ‘एक वायर काढून’ तुमची सायकल चाळीसने पळवली असेल, तर तुमच्या नकळत तुम्ही विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहनाचे मालक झाला आहात. तिथे कलम १२९ तुमची वाट बघत उभं आहे.

धडा दुसरा : जाती ओळखा

आपल्या भागात हेल्मेटच्या पाच जाती आढळतात.

१. कंपनीचं पिवळं. एमआयडीसीत फुकट मिळतं, म्हणून लोकप्रिय. ते वरून पाना-हातोडी पडली तर डोकं वाचावं यासाठी असतं. सायकलवरून माणूस आडवा पडतो, आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर वरून पाने पडत नाहीत.

२. पोराचं क्रिकेटचं. समोरून चेंडू येणार असेल तर उत्तम. समोरून टेम्पो येतो.

३. रस्त्याकडेचं. किंमत घासाघीस करून आणखी कमी होते. आत बोटाने दाबून पाहा : स्पंजाचा पातळ थर लागला आणि त्यामागे थेट प्लास्टिक, तर समजा की विक्रेत्याने टोपी विकली आणि तुम्हाला टोपीच घातली. २०२१ च्या जूनपासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. अर्थात चिन्हाचा स्टिकरही बाजारात मिळतोच, तेव्हा दाबून पाहणं सोडू नका.

४. मोटारसायकलचं. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा आकडा शोधा. तुमची ‘सायकल’ पायडल न मारता, मूठ पिरगाळून स्कूटरसारखी पळत असेल, तर हेच घ्या. किलोभर वजन आणि एप्रिलचं ऊन यांची तयारी ठेवा.

५. सायकलचं. तीनशे ग्रॅमच्या आसपास, भोकंभोकं असलेलं. पायडल मारणाऱ्यासाठी हे योग्य. गावात हसतील. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचे परदेशी सायकलपटू बारामतीत आले तेव्हा हीच हेल्मेटं बघायला हसणारे रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. आणि त्या शर्यतवाल्यांनाही ही अक्कल उपजत नव्हती. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाक सायकलपटू पडून गेला, त्यानंतर जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं.

धडा तिसरा : आत काय असतं

भिगवणचे मासे बर्फात घालून ज्या खोक्यातून बाहेरगावी जातात, त्याच जातीचा, पण जास्त घट्ट थर्माकोल हेल्मेटच्या आत असतो. सगळी किंमत त्याची. वरचं रंगीत कवच केवळ त्याला एकत्र धरून ठेवतं. डोकं आपटलं की हा थर्माकोल चिरडतो, आणि चिरडायला जो क्षणाचा अंश लागतो तेवढ्यात मेंदूला बसणारा झटका सौम्य होतो. एकदा चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एक मोठा आपटा, की हेल्मेट बाद, वरून कितीही धडधाकट दिसलं तरी. म्हणूनच कुणाचं वापरलेलं घेऊ नये.

किती आपटा झेपतो? युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट साधारण दीड मीटरवरून ऐरणीवर टाकतात. खाली पोहोचताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण त्याच उंचीवर असतं, म्हणून हिशेब जुळतो. नेदरलँड्सने वेगवान इलेक्ट्रिक सायकलींसाठी एनटीए ८७७६ हे कडक मानक काढलं. त्यात धडक तेवीसच्या घरात जाते आणि डोक्याचा जास्त भाग झाकला जातो. मिळालं तर तेच घ्या. मात्र ही कर्णाची कवचकुंडलं नव्हेत. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेत शिरून मानक तपासू नये.

धडा चौथा : माप

शिंप्याचा टेप घ्या. तो नसेल तर सुतळी आणि पोराची पट्टी. भुवयांच्या वर, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून घेर मोजा. टोपी काढून मोजा. गांधी टोपीवरून हेल्मेट घालायचा प्रयोग बऱ्याच ज्येष्ठांनी केला आहे. त्यात टोपीची घडी आणि हेल्मेटचा उपयोग दोन्ही मोडतात.

हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं. फेट्यासारखं मागे सरकवलं तर कपाळ उघडं राहतं. कानाखाली पट्ट्यांचा चिमटा व्हावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जावीत. आता पट्टा न लावता नंदीबैलासारखी मान हलवा. हेल्मेट जागचं हललं नाही, तर माप बरोबर. दुकानदार ‘वापरून सैल होईल’ किंवा ‘खाली रुमाल बांधा’ म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.

धडा पाचवा : निगा आणि परीक्षा

हेल्मेट उन्हात टाकू नये. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नये. त्यात मेथीची जुडी, अंडी किंवा डाळिंबं आणू नयेत. हँडलला लटकवल्यास ते हँडलचं रक्षण करतं.

परीक्षा मी दिली आहे. गेल्या गळीत हंगामात, तिन्हीसांजेला, सणसरच्या पुढे. ट्रॉलीतून सांडलेलं वीतभर उसाचं कांडकं रस्त्यावर पडलं होतं. पुढचं चाक त्यावरून फिरलं आणि मी डाव्या कुशीवर. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. मागून पायी येणारे एक आजोबा धावत आले, मला उठवलं, हेल्मेट हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “नवं दिसतंय. काय झालं नाही हो त्याला.” घरी येऊन आतलं अस्तर काढलं. डाव्या कानाच्या वर थर्माकोल अंगठ्याएवढा आत दबला होता आणि तिथून केसासारखी चीर निघाली होती. बायको म्हणाली, नवं कोरं टाकायचं कशाला? आता त्यात आमची कोंबडी अंडी घालते.

मी दुसरं घेतलं, त्याच मापाचं. तुम्ही पहिलंच घेणार असाल तर शेवटची सूचना, जी विसरली तर वरचे पाचही धडे फुकट : पट्टा लावा.