अधिक मोठ्या अभ्यासाची गरज आहे

अपेंडिक्सचा विकार तरुण वयात जास्त आढळतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत थोडा अधिक. ही बातमी तुम्हाला नवी वाटली असेल, तर तुम्ही एमएसच्या परीक्षेला कधी बसलेले नाही. सर्जरीच्या विभागात दर दोन-तीन बॅचनी कुणीतरी हा शोध नव्यानं लावतं, रेक्झिनच्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांत छापून घेतं, गाइडची सही मिळवतं आणि सुटतं. शेवटच्या पानावर एक वाक्य ठरलेलं. रुग्णसंख्या मर्यादित असल्यानं या विषयावर अधिक मोठ्या अभ्यासाची गरज आहे. ही गरज पुढच्या बॅचच्या गळ्यात. पुढची बॅच पुन्हा साठ रुग्ण घेते.

विषय कसा ठरतो म्हणता?

"सर, थीसिसला टॉपिक?"

"वॉर्डात जास्त काय येतंय?"

"हर्निया, अपेंडिक्स, डायबेटिक फूट."

"मग घे की त्यातलंच एक. केसेस अडायला नकोत."

झालं. रुग्णाला काय त्रास आहे, कशाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, बाहेरची महागडी तपासणी टाळता येईल का, असल्या भानगडीत कुणी पडत नाही. केसेस अडायला नकोत, हा आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधनाचा पाया. त्यावर मग 'तृतीय स्तरीय रुग्णालयातील अमुक आजाराचा अभ्यास' अशी इमारत उभी राहते. रुग्णालय तृतीय स्तरीय आहे हे शीर्षकातच सांगून टाकलेलं बरं. अभ्यासाच्या स्तराकडे मग कुणी बघत नाही.

अपेंडिक्सवाल्यांचं आवडतं खेळणं म्हणजे अल्व्हाराडो स्कोअर. आल्फ्रेदो अल्व्हाराडो नावाच्या सर्जननं १९८६ साली फिलाडेल्फियातल्या ३०५ रुग्णांवरून तो काढला. दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं की एक गुण, भूक मेली की एक, मळमळ-उलटीला एक, दाबल्यावर दुखलं तर दोन, पांढऱ्या पेशी वाढल्या तर दोन, असे आणखी काही निकष धरून एकूण दहा गुण. कल्पना झकास. सोनोग्राफी नाही, सीटी नाही, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बोटांवर मोजून निर्णय घेता येतो. आता या स्कोअरला चाळीस वर्षं होत आली. आपल्या महाविद्यालयांत अजून तो बरोबर आहे का, ते तपासणं चालू आहे. दर खेपेला तो बऱ्यापैकी बरोबर निघतो आणि अधिक मोठ्या अभ्यासाची गरज उरतेच.

आता हे रेसिडेंटच्या माथी मारू नका. छत्तीस तासांची ड्युटी करून आलेल्या पोरीला तुम्ही म्हणता, संशोधन कर. ती काय करते? एका हातात फाइल, दुसऱ्या हातात शाईचा पॅड घेऊन पुरुषांच्या वॉर्डात खाटेमागून खाट फिरते. शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस. आजोबांच्या हातात सलाईन.

"आजोबा, इथं अंगठा द्या."

"आता कशाला? ऑपरेशन झालं की."

"ते अभ्यासासाठी आहे. तुम्ही स्वखुशीनं भाग घेताय म्हणून."

आजोबा सलाईन नसलेल्या हाताचा अंगठा पुढे करतात. संमतीपत्रावर लिहिलेलं असतं की सदर अभ्यासाची संपूर्ण माहिती मला समजेल अशा भाषेत देण्यात आली असून मी कोणत्याही दबावाविना सहभागी होत आहे. भाषा म्हणाल तर मराठीच, पण सातबाऱ्याच्या उताऱ्यातली. साक्षीदाराच्या जागी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाची सही. एथिक्स कमिटीला कागद हवा असतो, तो मिळतो. स्वखुशी कुठल्या खाटेवर होती ते कुणी विचारत नाही.

नियम बघाल तर कौतुक वाटेल. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं फर्मान काढलं की पदव्युत्तर विद्यार्थ्यानं परीक्षेला बसण्याआधी एक पोस्टर लावावं, एका परिषदेत पेपर वाचावा आणि एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला, स्वीकारला गेलेला किंवा प्रसिद्धीसाठी 'पाठवलेला' असावा. पाठवला की भागलं! पाकिटावर तिकीट लावण्यापलीकडे विज्ञानाची अपेक्षा नव्हती. २०१५ साली परिषदेनं मोर्चा प्राध्यापकांकडे वळवला. बढती हवी तर निबंध हवेत, आणि नाव पहिल्या दोन लेखकांत हवं. त्यानंतर पैसे घेऊन महिनाभरात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांना जे बरे दिवस आले, ते एखाद्या साखर कारखान्यालाही येऊ नयेत.

या सगळ्या धडपडीचं फळ काय? डॉ. समिरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. एकही नाही. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था होत्या २५. म्हणजे थीसिस घरोघरी लिहिले गेले, बाइंडिंगवाल्यांची पोरं शिकली आणि बाहेर जगाला काही कळलं नाही. काही बाबतींत ते बरंच झालं म्हणा.

हर्नियाचंच घ्या. जांघेतला हर्निया ही जगातल्या सगळ्यात जास्त होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिखटेनस्टाइन यांनी जाळी बसवून बिनताणाची शस्त्रक्रिया रूढ केली आणि हर्निया परत होण्याचं प्रमाण खाली आलं. आता दोन पद्धतींतली सरस कुठली हे ठरवायचं असेल, आणि एकीत शंभरात एकाला व दुसरीत शंभरात दोघांना हर्निया परत होत असेल, तर हा फरक भरवशानं पकडायला प्रत्येक गटात दोन हजारांहून अधिक माणसं लागतात. हे साधं गणित आहे. आपल्या थीसिसमध्ये असतात तीस इकडे आणि तीस तिकडे. शिवाय त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला हवी. इथं प्रवेश घेतल्यापासून तीन वर्षांत परीक्षा, त्याच्या सहा महिने आधी थीसिस जमा. शेवटच्या रुग्णाचा टाका वाळायच्या आत निष्कर्ष टाइप होतो. फॉलोअपला फोन लावावा तर नंबर बंद. माणूस कोयता घेऊन टोळीबरोबर कर्नाटकात. मग मास्टर चार्टमध्ये त्याच्यापुढे 'परत झाला नाही' असं लिहायचं. परत झाला नाही हे खरंच आहे. रुग्ण परत झाला नाही.

आणि याच हर्नियावर आपल्याच माणसांनी काय विचारलं ते ऐका. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांना अडचण अशी की शास्त्र म्हणतं जाळी बसवा, आणि जाळीची किंमत रुग्णाच्या आवाक्याबाहेर. कंपनीची जाळी प्लास्टिकच्या धाग्याची. मच्छरदाणीचं कापडही प्लास्टिकच्या धाग्याचंच. मग मच्छरदाणीचं कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून का वापरू नये? त्यांनी वापरलं. एकट्याच्या जोरावर दामटलं नाही, ठिकठिकाणच्या सर्जनना सोबत घेऊन केलं आणि २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापलं. काही रुपयांत काम.

पुढे हा प्रश्न नीट, चिठ्ठ्या टाकून गट पाडून, तपासला कुठे गेला? युगांडात. स्वीडिश आणि युगांडाच्या डॉक्टरांनी ३०२ पुरुषांवर शस्त्रक्रिया केल्या, काहींना कंपनीची जाळी, काहींना मच्छरदाणीची. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. मच्छरदाणीच्या गटात वर्षभरात एकाला हर्निया परत झाला, कंपनीच्या जाळीत कुणालाही नाही. फरक म्हणावा असा फरक नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागला तो आकडा वेगळाच. वर्षानं ९५ टक्क्यांहून अधिक जण पुन्हा तपासले गेले. पूर्व युगांडाच्या खेड्यांतली माणसं सापडतात, आणि आपल्या तृतीय स्तरीय रुग्णालयाला शेजारच्या तालुक्यातला माणूस सापडत नाही.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा म्हणाले, जाळीच नको. पोटाच्याच स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी काढून मागची भिंत मजबूत करू. २००१ च्या सुमारास त्यांनी ती पद्धत मांडली. तिची लिखटेनस्टाइनच्या जाळीशी तुलना केलेला २०८ रुग्णांचा, तीन वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला तो पोलंडमधून. परत होण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच निघाल्या. आता आपल्याकडेही देसरडांवर थीसिस होतात. पोलंडहून पोच आली ना! तीस इकडे, तीस तिकडे.

कुणी म्हणेल, तुम्ही उगाच आकड्यांच्या मागे लागलात, लहान अभ्यास म्हणजे वाया गेलेला अभ्यास का? मुळीच नाही. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलेल्या अभ्यासात रुग्ण होते फक्त सत्तर. पस्तीस आणि पस्तीस, अगदी थीसिसच्या मापाचे. लाल विंचू चावलेल्यांना नुसतं प्राझोसिन द्यायचं की सोबत विंचवाची प्रतिलसही द्यायची, एवढाच प्रश्न. दहा तासांत बरे झाले ते दोन्ही दिलेल्यांत ३५ पैकी ३२, आणि नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ८. याला निष्कर्ष म्हणतात. मुळात रक्तदाबाची ही गोळी विंचवाच्या विषावर चालते, हे बावसकरांनीच त्याआधी कित्येक वर्षं कोकणातल्या सरकारी दवाखान्यात रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून जगाला दाखवलं होतं. त्यांना विषय कुणी दिला नव्हता. समोर तरणीताठी माणसं फेसाळ खोकत मरत होती.

मोठ्या रुग्णालयांना हे जमत नाही असंही नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. रुस्तम वकील यांनी पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन १९४९ साली जे लिहिलं, त्यानं जगाच्या कपाटात रक्तदाबाचं औषध आलं. तेही पन्नासच. म्हणजे मुद्दा माणसं किती हा नाहीच. विचारलं काय, हा आहे.

आता हिस्टरेक्टॉमी घ्या. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेवर थीसिसना तोटा नाही. पोटातून काढलं तर रक्त किती मिलीलीटर गेलं, योनीमार्गे काढलं तर किती, टाके कितव्या दिवशी काढले, सगळं मोजलेलं. इकडे बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या पोत्यानं काढल्या जात होत्या, त्याला वाचा फोडली ती महिला संघटनांनी आणि पत्रकारांनी. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढी बायकामाणसं कुठल्या ना कुठल्या टेबलावर झोपली होती. 'काढायलाच हवी होती का', हा रकाना मात्र आपल्या मास्टर चार्टमध्ये नसतो. त्याचा पी व्हॅल्यू काढता येत नाही ना.

पी व्हॅल्यूवरून आठवलं. हे खातं बाहेर दिलेलं असतं. एक्सेलची शीट एका संख्याशास्त्रज्ञाला मेल करायची, तो रात्रीत तक्ते, स्तंभालेख आणि रंगीत वर्तुळं पाठवतो. ०.०५ च्या खाली काही आलं नाही तर रेसिडेंटचा फोन जातो, "सर, काहीतरी येईल का बघा ना." सर बघतात. वय, वजन, गाव, रक्तगट असं सगळं एकमेकांशी लावून पाहिलं की वीसात एक काहीतरी येतंच. मग त्याच्यावर चर्चेचं प्रकरण. या धंद्याच्या जाहिराती मी वसतिगृहांच्या बाहेर विजेच्या खांबावर पाहिल्या आहेत, मेसच्या डब्याच्या जाहिरातीच्या बरोब्बर खाली. डब्याला निदान चव तरी असते.

माझ्या डोक्यात एक बाळबोध सूचना आहे. एका महाविद्यालयानं हर्नियाचा एकच प्रश्न धरावा आणि तो दहा बॅच सोडू नये. पहिली बॅच शस्त्रक्रिया करील, दुसरी पहिलीचे रुग्ण गावी जाऊन तपासील, तिसरी पुढे नेईल. राज्यातली दहा महाविद्यालयं एकत्र आली तर ते दोन हजारांचं गणितही सुटेल, आणि रेसिडेंटला विषयासाठी वणवण नको. आरोग्य विद्यापीठ एकच आहे, नाशिकला. पत्र एकच काढावं लागेल. ही सूचना मी एका विभागप्रमुखांना चहावर ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, बशीत उरलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "कल्पना उत्तम आहे हो. पण पहिलं नाव कुणाचं घालायचं?"