ओळख न दाखवणारे पाहुणे

वन्यजीव बचाव केंद्रात इंटर्नशिप म्हटलं की बिबट्या आलाच, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून जायच्या आधीच मी त्याच्यासोबतच्या फोटोसाठी चार खिशांचा खाकी शर्ट शिवून घेतला. खिशांत काय ठेवायचं हे शिंप्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. बाबांनी विसरवाडीच्या बाजारात सांगून टाकलं, "पोरगी वाघांच्या दवाखान्यात चाललीय." बिबट्याला परस्पर बढती मिळाली, पण मी खुलासा केला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.एस्सी.ला 'ऑन जॉब ट्रेनिंग' मागे लावलंय. 4 क्रेडिट, 120 तास. वर्गातल्या शहाण्यांनी तालुक्याची पॅथॉलॉजी लॅब गाठली. मला मात्र काहीतरी भव्य करायचं होतं.

भव्यतेची सुरुवात खराट्याने झाली. मग हातात सुरी आली आणि पुढ्यात मेलेले उंदीर. गिऱ्हाईक म्हणजे गव्हाणी घुबडाची पिल्लं. एका जुन्या वाड्याची पाडापाडी सुरू झाली आणि ती बेघर झाली. अंडी एकेक दोन दिवसांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे एकाच घरात थोरला टगा आणि धाकटं केविलवाणं, अशी उतरंड. पांढरी लव, बदामी चेहरा, आणि जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. सकाळी प्रत्येकाला वजनकाट्यावर ठेवायचं, ग्रॅम लिहायचे, खाली पडलेल्या गोळ्या उचलायच्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. खाकी शर्टाच्या एका खिशाचा उपयोग तिथे सापडला.

नियम कडक होते. पिल्लांशी बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, नाव ठेवायचं नाही, फोटो तर नाहीच. भरवताना तोंडावर फडकं आणि हातात चिमटा. पिल्लू माणसाला आई समजू लागलं तर त्याचं रान संपलं. उद्या ते विश्वासाने एखाद्याच्या ओसरीवर जाऊन बसेल आणि तो माणूस घुबड अपशकुनी म्हणून दगड उचलेल. (मनातल्या मनात मी थोरल्याचं नाव 'सरपंच' ठेवलं होतं. सगळ्यांचा वाटा आधी तोच खायचा.)

थोडक्यात, पेशंटने ओळख दाखवली की डॉक्टर नापास. वाढदिवसाचं स्टेटस कोणी कोणी पाहिलं हे तासातासाला तपासणाऱ्या मुलीला हा धंदा कसा मानवावा?

घुबडांचा विषय निघालाच आहे, तर कर्नल मायनर्ट्झहागेनची गोष्ट ऐकल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड 1872 मध्ये ब्लुइट नावाच्या साहेबाला मिळालं, पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याला ब्लुइटचंच नाव दिलं. मग डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आमच्या खानदेशात काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी गायब. अपवाद एकच, कर्नलसाहेबांचा नमुना. त्यावर चिठ्ठी होती : गुजरात, मांडवी, 1914. लोक बिचारे त्या चिठ्ठीवर विसंबले. 1990च्या दशकात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी छडा लावला, तेव्हा कळलं की साहेबांनी डेव्हिडसनचाच पक्षी संग्रहालयातून उचलला, नव्याने भरला आणि स्वतःची चिठ्ठी लावली. मांडवी खोटी ठरली. मग बाईंनी बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत जुन्या, खऱ्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनी, रानपिंगळा शहाद्याजवळ झाडावर बसलेला सापडला. तो आमच्या जिल्ह्याचा म्हणून मी मिरवते. खरं तर नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे पक्षी आधी सापडला, जिल्हा मागाहून.

कर्नलला मी नावं ठेवते, पण माझा खाकी शर्ट तरी दुसरं काय होता? दुसऱ्याच्या पक्ष्यावर आपली चिठ्ठी.

संक्रांतीला केंद्रात मांजाने पंख कापलेल्या घारींची रांग लागली. नायलॉन मांजावर हरित लवादाची 2017 पासून देशभर बंदी आहे, आणि तो मिळतो मात्र सगळीकडे. मग एका तिन्हीसांजेला घुबडांचं खोकं उघडलं. बाकीची उडाली. सरपंच काठावर थांबला, वळला आणि माझ्या बोटावर चोच मारून गेला. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, "शाब्बास, छान वाढवलंस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते बोटाच्या नावावर खपवलं.

गावी आल्यावर बाबांनी प्रमाणपत्र फ्रेम करून दुकानात लावलं. गिऱ्हाइकं विचारतात, "वाघ कुठाय?" एकदा शेजारची काकी ते बघत उभी राहिली. दर हंगामात ती काकांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जाते. म्हणाली, "आमच्या फडात निघाली होती बिबट्याची बछडी. दोन. डोळेपण उघडले नव्हते." मग काय केलं? "कोयते ठेवले. फॉरेस्टवाले आले, बछडी क्रेटमध्ये तिथंच ठेवली. रात्री आई घेऊन गेली." आणि मजुरी? "टनावर मिळते ना, पोरी. ऊस तोडला नाही तर कसली मजुरी?"

मला अजून राग येतो, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नाही. काही ठिकाणी इंटर्नच फी भरून पिंजरे झाडतात, वर त्याचा बायोडेटा होतो. जिने आईची वाट बघायला जागा सोडली आणि रोजगार बुडवला, तिच्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नाही. 120 तास म्हणाल तर काकी ते दहा दिवसांत भरते, तेही वाकून. बिबट्याच्या इतक्या जवळ ती उभी होती आणि तिच्या अंगात खाकी शर्ट नव्हता. मी विचारलंच, "फोटो काढला का गं?" काकीने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मी विषय बदलला.

अहवालाच्या ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून सगळ्यांची नावं घातली होती. मी खाली काकीचं घातलं. सर म्हणाले, "नावापुढे हुद्दा लागतो." मी लिहिला : वरिष्ठ इंटर्न. मानधनाच्या रकान्यात : पदरमोड.