‘आपण’ करून टाकलंय

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला, शेअर रिक्षांची रांग आणि भाजीच्या हातगाड्या चुकवत एखाद्या गल्लीत शिरलं, की दीड शटरचं एक दुकान हमखास लागतं. पाटीवर रेल्वे, विमान, पासपोर्ट, उमरा, चारधाम, अष्टविनायक आणि उरलेल्या जागेत, नव्या रंगात ‘क्रूझ’. आत बसलेल्या गृहस्थाला सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. असे भाऊ मुलुंडला आहेत, बोरिवलीलाही आहेत. पण कुर्ल्याचा नमुना अस्सल, कारण तो लोकमान्य टिळक टर्मिनसच्या शेजारी वाढलेला आहे. त्याचं सगळं शिक्षण वेटिंग लिस्टच्या शाळेत झालं. ऐन मे महिन्यात उत्तरेकडच्या गाडीत बर्थ मिळवून दिला, की माणूस तो वरचा की खालचा, डबा पुढचा की मागचा, हे विचारत नाही. तो पेढे आणून देतो. वर्षानुवर्षं पेढे खाल्लेल्या माणसाची अशी समजूत होते, की गिऱ्हाइकाला जागा हवी असते, अमुक जागा नको असते. आता तो क्रूझची केबिनही गिऱ्हाइकाला न विचारता परस्पर बदलतो आणि त्या सवयीचं मूळ लबाडीपेक्षा या समजुतीत जास्त आहे. लबाडी आहेच, पण ती नंतर येते.

आगगाडीत बर्थ म्हणजे पोचण्याचं साधन. जहाजावर मात्र केबिन हाच माल. कोकणची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, तेव्हा डेकवर वळकटी पसरून जागा धरणाऱ्याला केबिनचं दुःख ठाऊक नव्हतं. जी जागा दिलीच नाही, ती बदलणार काय? त्याच प्रवाशांची नातवंडं आता, 2021च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून, गोवा नाहीतर लक्षद्वीप गाठायला पैसे मोजून खोली घेतात आणि ती घेण्याआधी जहाजाचा नकाशा घरातल्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसतात. आजीला उलट्यांचा त्रास, म्हणून खालचा मजला आणि जहाजाचा मध्य, कारण हेलकावे तिथे सगळ्यात कमी. गुडघ्यांसाठी लिफ्ट जवळ. वर पोहण्याचा तलाव नको, कारण पहाटे तिथल्या खुर्च्या सरकवतात आणि तो आवाज खालच्या छतातून झिरपतो. सून-मुलगा समोरच्या दारात. एवढ्या खलबतांनंतर केबिनचा एक आकडा ठरतो. भाऊंच्या लेखी हा सगळा खटाटोप एका शब्दात मावतो: ‘इन्साइड’, म्हणजे बिनखिडकीची केबिन. म्हणून निघायच्या चार दिवस आधी ते आनंदाने फोन करतात, “काका, खूशखबर! आपण तुम्हाला बाल्कनीत टाकलंय.” बाल्कनी वरच्या मजल्यावर, थेट नाळेकडे. आजी तिथे पाळण्यात बसल्यासारखी दोन रात्री काढणार आणि ‘अपग्रेड’ला दाद म्हणून लिंबू चोखणार.

भाऊंच्या खूशखबरीतला ‘आपण’ नीट पाहण्यासारखा आहे. पुष्कळ भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच शब्द असतो. तिथल्या एजंटांचं कसं निभावत असेल कोण जाणे. मराठीत ‘आपण’ म्हटलं, की ऐकणाराही कर्त्यात ओढला जातो. केबिन बदलताना भाऊ कायम ‘आपण’ असतात: आपण डेक बदलला, आपण थोडं पुढे सरकलो. फरकाचे पैसे मागितले, की ते तत्क्षणी ‘आम्ही’ होतात: “आम्ही काय करणार काका, कंपनीचा नियम आहे.” निर्णयात तुम्ही भागीदार, हिशेबात परके. आणि दोन्ही सर्वनामं अडचणीची झाली, की कर्ताच नाहीसा होतो: “सिस्टिममध्ये बदललं गेलंय.” व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आता पैशाचं. भाऊ बऱ्याचदा केबिनी एकेक घेत नाहीत. सोसायटीचा नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप गृहीत धरून ते खोल्यांचा गठ्ठा अडवतात आणि कोण कुठे राहणार याची अंतिम यादी जहाज कंपनीला निघण्याआधी थोडे दिवस देतात. तोवर तुमचा तो ठरवलेला आकडा भाऊंच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला असतो. मागाहून एखादं घाईचं, जास्त देणारं गिऱ्हाईक आलं, की पेन्सिलीला खोडरबर मिळतं. कधी भाडं मध्येच उतरतं. जुनं आरक्षण मोडून नवं स्वस्तात होतं, केबिन बदलते आणि उतरलेल्या भाड्याची बातमी मात्र काकांपर्यंत पोचत नाही. भाऊंचा उपकार उपकारच आहे का, हे ओळखायला जहाजाचा नकाशा लागत नाही. फरक कोणाच्या खिशात गेला, एवढं पाहिलं की पुरतं.

भाऊंच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं मात्र नाही. पहिला मुद्दा असा, की जहाज कंपन्या स्वतःच केबिन बदलण्याचा हक्क बारीक अक्षरांत राखून ठेवतात; मग एकट्या भाऊंनाच का धरायचं? कारण कंपनी ही व्यवहारातली समोरची बाजू आहे आणि भाऊ तुमची बाजू म्हणून कमिशनखेरीज सर्व्हिस चार्जही घेतात. ते दोन्ही घरी जेवणाऱ्या लग्नाच्या मध्यस्थासारखे आहेत, हे मान्य. पण मध्यस्थसुद्धा ठरलेला नवरदेव मांडवात परस्पर बदलून “हा जास्त शिकलेला आहे” असं सांगत नाही. दुसरा मुद्दा वेळेचा. स्वस्त भाडं तासाभरात उडून जातं, काका फोन उचलत नाहीत, भाऊंनी करायचं काय? याचं उत्तर 1872 सालच्या भारतीय करार कायद्यात आहे, म्हणजे सुखासाठी जहाजावर जायची कल्पना कुर्ल्यात कुणाला सुचण्याच्या कितीतरी आधीचं. कलम 214 सांगतं, की अडचण आली तर मालकाशी, म्हणजे इथे काकांशी, संपर्क साधून त्याच्या सूचना मिळवण्याची रास्त खटपट एजंटाने केली पाहिजे. आणि कलम 211 प्रमाणे सूचना डावलून काही केलं, तर तोटा त्याने भरायचा आणि नफा झाला तर त्याचाही हिशेब द्यायचा. नफ्याचा हिशेब! हे कलम फ्रेम करून त्या दीड शटरच्या भिंतीवर, गणपती आणि विमानाच्या कॅलेंडरमध्ये लावायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप जास्त चलाख आहे: मुंबईकर जन्मतः ॲडजस्ट करतो, त्यातही कुर्लेकर, मग परवानगीची चैन कशाला? पण पुरावा नेमका उलटा आहे. सकाळी मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट घेणारा माणूस चार इंच जागेसाठीसुद्धा “जरा सरकता का?” असं विचारतो. उत्तर ठरलेलंच असतं, तरी विचारतो. वरच्या वर्गात फुकट बढती देणाऱ्या रेल्वेनेही आरक्षणाच्या अर्जावर ती नाकारायची सोय ठेवली आहे. जिथे दाटी जास्त, तिथे विचारण्याचा रिवाज जास्त घट्ट. नाहीतर रोज मारामाऱ्या होतील. भाऊंनी कुर्ल्याकडून दाटी तेवढी उचलली.

गिऱ्हाईकही धुतल्या तांदळासारखं नसतं. पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करून शेवटी “तुम्हीच बघा काय ते, आम्हाला काय कळतंय” असं म्हणून ते उठतं, आणि भाऊंनी ते वाक्य कोऱ्या धनादेशासारखं जपून ठेवलेलं असतं. मग बंदरावर, सामान स्कॅनरमध्ये गेल्यावर, हातात वेगळाच आकडा येतो. भांडायला वेळ नसतो, आजीला बसायचं असतं. कुटुंब केबिनमध्ये शिरतं, बॅगा पलंगाखाली जातात. त्याच करार कायद्याचं कलम 197 म्हणतं, की एजंटाने परस्पर केलेल्या गोष्टीला वागणुकीतूनही संमती मिळू शकते. बॅग पलंगाखाली गेली की मिळालीच, असं भाऊ समजतात. पुढचं कलम 198, म्हणजे ठळक गोष्टी ठाऊक नसताना दिलेली संमती संमतीच नव्हे, तिथवर ते कधी पोचत नाहीत. भाडं किती उतरलं, आधीच्या खोलीत कोण झोपलंय, हे काकांना ठाऊक नसतं. नातू बाल्कनीतून फोटो काढून आभारादाखल भाऊंना पाठवतो. संध्याकाळच्या आत तो फोटो भाऊंच्या स्टेटसवर असतो, खाली ‘आणखी एक समाधानी परिवार’, आणि त्याखाली, काकांशी अजून बोलणंही झालेलं नसताना, ‘दिवाळीत आपण दुबई करतोय’.