हेक्टरी बाल्कनी

ज्याच्या नावावर सात-बारा नाही, तोच शेतीचा कार्यक्रम सगळ्यात मन लावून बघतो, ही गोष्ट अजून एकाही सरकारी समितीच्या लक्षात आलेली नाही. दिल्लीत २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषी दर्शन’ सुरू झालं ते भोवतालच्या ८० खेड्यांसाठी. तिथे सामुदायिक संच मांडून दिले होते. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. इथे मामला सरळ होता: ज्याच्याकडे शेत त्याच्याकडे टीव्ही नाही आणि ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे शेत नाही. त्यामुळे ‘आमची माती आमची माणसं’चा पहिला निष्ठावंत प्रेक्षक गिरगाव-दादरच्या चाळीत निघाला. त्याच्या मालकीची माती म्हणजे तुळशीच्या कुंडीतली, तीही गावाहून कुणीतरी पिशवीतून आणलेली. पण भातावर करपा कधी येतो आणि आंब्याच्या मोहोराला काय फवारायचं, हे त्याला तोंडपाठ. स्वतःचा मुलगा कितवीत आहे असं विचारलं, की मात्र बायकोकडे बघायचा.

त्यात सुरुवातीची वर्षं सगळा कारभार कृष्णधवल. रंग आला १९८२ मध्ये. तोवर कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ गंभीर चेहऱ्याने सांगायचे, की खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी समजा आणि शेंड्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी. पडद्यावर दोन्ही पानं राखाडी. कपाशीवरचा लाल्यासुद्धा राखाडीच. तरी खोलीभर जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकानेही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. उलट म्हणायचे, “माणूस काय मुद्द्याचं बोलतो हो!”

आणि बोलायचाच. खिशाला दोन पेनं, हातात वांग्याचं पान. तो ते अंगठ्याने उलटं करी, कॅमेरा जवळ जाई. पानामागे हिरवट, बारीक काहीतरी हलायचं. “बघा, हा तिरका चालतो. तिरका चालला की तुडतुडा.” मग पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून १०० लिटर करा, ऊन उतरल्यावर फवारा. नमस्कार. रात्री नऊच्या चर्चेत आता आठ चौकटींत आठ जण तिरके चालत असतात, पण अर्काचं प्रमाण कुणी सांगत नाही. हे कौतुक मला म्हणूनच खोटं वाटत नाही. किती आणि कधी, एवढं सरळ सांगणारं माणूस शहरात भेटतं कुठे? डॉक्टर ‘बघू’ म्हणतात, बिल्डर ‘लवकरच’ म्हणतो, मंत्री ‘योग्य वेळी’ म्हणतात.

आमच्या सोसायटीतले नाना या प्रेक्षकवर्गाचे शिरोमणी. त्यांची जमीन म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधले दोन चौरस मीटर. पीकपाणी: एक मिरची, एक कढीपत्ता, थोडा गवती चहा आणि कुणीच न लावलेली सदाफुली. एकदा त्यांनी ‘हेक्टरी १०० किलो नत्र’ अशी शिफारस ऐकली. नाना बँकेतून निवृत्त, हिशेब हातचा मळ. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, म्हणजे मीटरला दहा ग्रॅम, ग्रिलला वीस. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया झाला ४३ ग्रॅम. तोही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. युरियाचं पोतं मिळतं ४५ किलोचं. ते नानांना हजारावर हंगाम पुरलं असतं. पाव किलोची पुडी कुठून मिळवली कोण जाणे, पण काकूंनी ती आपल्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहिली आणि नत्राचा पहिला हप्ता नानांनाच मिळाला.

पुढे मिरचीची पानं आकसली, बोकड्या झाला. नानांनी किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१ वर, फोन लावला. पलीकडच्या मुलीने आदबीने विचारलं, “क्षेत्र किती, काका?” नाना म्हणाले, “तिसरा मजला.”

आता बागेचे कार्यक्रम उदंड झालेत. एका वाहिनीवर गच्चीचा कायापालट चालतो: हिरवं प्लॅस्टिकचं गवत, कोपऱ्यात बुद्धाचं मस्तक, दिव्यांच्या माळा, आणि शेवटी मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. झाडांना कुणी पाणी घालताना दिसत नाही. झाडाचं नाव एकदाही येत नाही, कुंडीच्या कंपनीचं दोनदा येतं. मोबाइलवर तर कांद्याच्या सालींचं पाणी घातलं की गुलाब फुलांनी लगडतो. किती साली, किती पाणी, ही गुप्त माहिती. बीबीसीचा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ १९६८ पासून चालू आहे. त्यातले लोकांचे लाडके माळीबुवा पर्सी थ्रोअर सत्तरच्या दशकात एका रसायन कंपनीच्या जाहिराती करायला तयार झाले, तर बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून काढलं. आपल्याकडे जो जाहिरात आणणार नाही त्याला काढतील, आणि तेही पहाटेच्या प्रक्षेपणातून. शेतकरी लवकर उठतो, हे वाहिन्यांना तेवढं पक्कं माहीत आहे.

नाना अर्थात असल्या कार्यक्रमांकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांनी दूरदर्शन केंद्राला दोन पानी पत्र धाडलं: कार्यक्रम अत्यंत उपयुक्त, वेळ वाढवावी, खताचं प्रमाण पडद्यावर जास्त वेळ ठेवावं, म्हणजे लिहून घेता येतं. मिरचीचं काय झालं, ते मात्र दोन्ही पानांत कुठे नव्हतं. काकू भाजीवाल्याकडून पावशेर मिरच्या आणतात आणि वर कढीपत्ता फुकट मिळवतात.

सध्या वाद वेगळाच आहे. ठिबक सिंचनाचा एक भाग बघून नानांनी ग्रिलमध्ये सलाइनच्या नळ्या सोडल्या. थेंब मुळाशी पडतो तसा दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या पापडांवरही पडतो. सोसायटीने नोटीस काढून पाचशे रुपये दंड सांगितला. नानांनी लेखी खुलासा दिलाय, की ठिबकाला शासनाचं अनुदान असतं, दंड नव्हे. तरी कमिटीने अनुदानाचा अर्ज पुढे पाठवावा, सोबत जागेचा नकाशा जोडला आहे.