काका, ही फाइल करप्ट आहे

हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज यायला लागला की ती जाणार हे ठरलेलं असतं. तिचा मालक थोर साहित्यिक होता, हेही त्याच क्षणी सिद्ध होतं. निदान माझ्या बाबतीत झालं. तोवर कोणी "कादंबरी कुठवर आली?" असं विचारलं की मी विषय पावसापाण्याकडे नेत असे. डिस्क टकटकायला लागल्यावर मात्र तीच कादंबरी "जवळजवळ पूर्ण झाली होती हो!" असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. हरवलेल्या हस्तलिखितात कोणालाही खोट काढता येत नाही. लेखकाला एवढी सोय दुसऱ्या कशात नाही.

मेहुण्याने लगेच उपाय सांगितला: डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. हा तोडगा जुना आणि जगप्रसिद्ध आहे. थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यात दमटपणा धरतो आणि उरलंसुरलं तेही जातं, एवढीच त्यात अडचण. बायको म्हणाली, "फ्रीजरमध्ये जागा नाही, मटार आहेत." मराठी साहित्य मटारांमुळे वाचलं, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

शेवटी मुंबईतला संगणकवाल्यांचा लॅमिंग्टन रोड. पहिल्या मजल्यावरच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "आत काय आहे?"

"साहित्य," मी म्हणालो.

"म्हणजे डॉक्युमेंट्स," असं म्हणत त्याने फॉर्मवर खूण केली. शेजारी एक व्यापारी टॅलीचा डेटा घेऊन बसले होते. त्यांच्यासाठी चहा आला.

मुलगा हुशार होता. त्याने समजावून सांगितलं: तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही, म्हणून डिस्क घरी उघडायची नसते. हेडला वाट सापडली नाही की ते मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं, तोच तो आवाज. माझंही पहिल्या प्रकरणानंतर हेच होत आलंय, हे मी त्याला सांगितलं नाही. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवायचं, मग आधी सगळ्याची नक्कल उतरवायची: सहज वाचता येईल ते पहिल्यांदा, अडेल ते सोडून पुढे जायचं, आणि अडलेल्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. दर बिघाडावर ठरतो, आतल्या मजकुराच्या थोरवीवर नाही. हे मी दोनदा विचारून घेतलं.

"किती जीबी असेल तुमचं?" या प्रश्नाला मी उत्तर टाळलं. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम ५ एमबीच्या आसपास मावायचं. माझं समग्र साहित्य त्यात बसून वर भाड्याने द्यायला जागा उरली असती.

फाइली परत आल्या, पण नावांशिवाय. फोल्डरांची यादीच उडाली असली की सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून तिला बाहेर काढतं आणि नावाच्या जागी नुसता आकडा टाकतं. त्यामुळे 'कादंबरी फायनल', 'कादंबरी नवीन फायनल' आणि 'कादंबरी हीच फायनल' या तिघी एका पातळीवर आल्या. उघडून पाहिलं तर तिघींत तेच पहिलं प्रकरण. फक्त नायकाचं नाव बदललेलं.

मग पडद्यावर एक विचित्र फाइल आली. कंस, टिंबं, परदेशी स्वरचिन्हं. "काका, ही फाइल करप्ट आहे. डिलीट करू?"

इथे मला विषयांतर करू द्या. थोडं नाही, भरपूर. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. पण ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला वर्षं गेली. तोवर मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहिली. संगणकाच्या वहीत नाव मूळ भाडेकरूचं. आत आपला 'क' राहतोय हे फक्त फॉन्टला ठाऊक. त्यात प्रत्येक फॉन्टने खोल्यांचं वाटप आपापल्या मर्जीने केलेलं. एकात 'क' राहतो तिथे दुसऱ्यात 'ळ'. फॉन्ट गेला की मूळ भाडेकरू दारात येऊन उभे राहतात, आणि 'क' इथे कधी राहतच नव्हता म्हणतात! त्या फॉन्टांवर आपली वर्तमानपत्रं निघाली, दिवाळी अंक निघाले, लग्नपत्रिका छापल्या गेल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण त्या वर्षांतलं कितीतरी मराठी आज धडधाकट डिस्कवर, एकही बाइट न हलता, वाचता न येण्याजोगं पडून आहे. त्यासाठी टकटक होत नाही, म्हणून कोणी लॅमिंग्टन रोडला धावत नाही. मला याचा खरोखर संताप येतो.

ती फाइल बाबांची होती. मजकूर कळत नव्हता, पण मांडणी कळत होती: उजवीकडे तारीख, मग मायना, मग क्रमवार मुद्दे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबा एका बोटाने मराठी टायपिंग शिकले आणि सोसायटीला पत्रं लिहू लागले. मी ती कधी वाचली नाहीत. मी कादंबरी लिहीत होतो.

फॉन्ट ओळखून कन्व्हर्टरमधून काढल्यावर वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे झाले, तरी वाचता आलं. जिन्यातला दिवा दिवसा चालू राहतो. टाकीचं झाकण बसत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींना पाणी वर चढवावं लागतं, तरी त्यांची नळजोडणी आधी पाहावी. एकही शब्द फुकट नाही, आणि प्रत्येक पत्र पूर्ण आहे. आमच्या घरात पुरं झालेलं लेखन ते एवढंच.

तेव्हा वाचकहो, घरातल्या जुन्या संगणकावर उघडल्यावर कचरा दिसणाऱ्या फाइली असतील तर पुसू नका. कोणता फॉन्ट होता ते आठवणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या आणि त्या युनिकोडमध्ये आणा. युनिकोडमध्ये 'क'ला ०९१५ हा स्वतःचा क्रमांक आहे. तिथून त्याला कोणी उठवत नाही. कादंबऱ्यांची काळजी करू नका. त्या पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरू करता येतात.