श्रीमती रिसॉर्ट फी यांस अनावृत पत्र

विषय: ४० डॉलरच्या खोलीचे ९६ डॉलर होण्याबाबत.

रिसॉर्ट फी यांचा संचार अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असला, तरी त्यांचा दरबार भरतो तो नेवाडा राज्यातल्या लास वेगासमध्ये. खोलीच्या भाड्याखेरीज दर खोलीमागे दर रात्री आकारली जाणारी ही ठरावीक रक्कम. स्ट्रिप या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत ती साधारण ३५ ते ५५ डॉलरच्या घरात असते. तिच्या बदल्यात वाय-फाय, व्यायामशाळा आणि स्थानिक फोन मिळतात. विमानाचा बोर्डिंग पास छापून देण्याचे औदार्यही काही ठिकाणी या यादीत दिसत आले आहे. पाहुण्याने व्यायामशाळेचे तोंडही पाहिले नाही, तरी रक्कम एका सेंटनेही उतरत नाही. सोयी नाकारण्याची सोय तेवढी यादीत नसते.

श्रीमतींचा हिशेब असा. समजा, भाडे ४० डॉलर आणि फी ४५. दोन्हींवर मिळून सुमारे १३ टक्के निवास-कर, म्हणजे आणखी ११ डॉलर. झाले ९६. रक्कम ठरावीक असल्यामुळे ४०० डॉलरच्या खोलीत उतरणाऱ्याला ती भाड्याच्या ११ टक्के पडते. ४० डॉलरवाल्याला मात्र भाड्याहून जास्त. शिवाय सीझर्स या हॉटेल-कॅसिनो कंपनीच्या सभासद योजनेत ‘डायमंड’ पायरी गाठलेल्यांना ती माफ होत आली आहे, आणि ही पायरी सहसा भरपूर खर्च केल्यावर लाभते. म्हणजे कॅसिनोत मनसोक्त उधळणाऱ्याला सूट आणि नुसता झोपायला आलेल्याला भुर्दंड.

नेवाडात जुगार १९३१ साली कायदेशीर झाला. पुढे कित्येक दशके वेगासमधली खोली आणि जेवण स्वस्तच असे, कारण खरी कमाई टेबलावर होत होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंना जुगारापेक्षा खोल्या, उपाहारगृहे आणि करमणुकीतून जास्त उत्पन्न मिळू लागले. आता खोलीनेही कमावणे भाग होते. पण इंटरनेटवरच्या याद्या सर्वांत कमी भाडे आधी दाखवीत. भाडे वाढवले की हॉटेल यादीत खाली घसरायचे. तेव्हा भाडे तसेच ठेवून वाढ फीच्या नावाने घेणे सोयीचे ठरले. आरक्षण करून देणाऱ्या कंपन्यांचे कमिशनही सहसा भाड्यावर निघे, फीवर नाही. ‘आमच्याकडे रिसॉर्ट फी नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या सीझर्सनेही २०१३ मध्ये श्रीमतींना घरात घेतले. खानावळीने पाटीवर थाळीचा दर लिहावा आणि हात धुवायच्या नळाचे पैसे उठताना मागावेत, तसाच हा व्यवहार.

खरे तर कॅसिनोचे टेबल या बाबतीत अधिक सरळ. ब्लॅकजॅक साधल्यास लावलेल्या दोनास तीन मिळणार की पाचास सहा, हे टेबलावरच्या कापडावर छापलेले असते. दोन शून्यांच्या रुलेटमध्ये कॅसिनोचा हिस्सा ५.२६ टक्के, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येते. जुगाराच्या अटी समोर आणि बिछान्याचा दर गुलदस्त्यात, अशी ही नगरी.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये २२ हॉटेल कंपन्यांना याबद्दल ताकीदपत्रे धाडली होती. श्रीमतींच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम दिसला नाही. १२ मे २०२५ पासून मात्र कमिशनचा नियम लागू झाला: सक्तीची सर्व शुल्के धरून एकूण किंमत पहिल्यापासून आणि ठळकपणे दाखवायची. नियमाने फी बंद केलेली नाही, फक्त तिला पडद्याबाहेर आणले आहे. सरकारी कर पहिल्या आकड्यातून वगळण्याची मुभाही आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी ते सांगावे लागतात. म्हणून तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या आकड्याची.

स्वस्त निवाऱ्यासाठी वार सर्वांत महत्त्वाचा. रविवार ते गुरुवार भाडी उतरतात, शुक्रवार-शनिवारी चढतात. जानेवारीतले सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन किंवा नोव्हेंबरातली फॉर्म्युला वन शर्यत असेल तर वारालाही कोणी विचारत नाही. जुन्या शहरातल्या फ्रीमाँट रस्त्यावरच्या फोर क्वीन्सने फी न घेणारे हॉटेल म्हणून अनेक वर्षे नाव राखले. (स्ट्रिपचा बराचसा भाग, ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ या प्रसिद्ध पाटीसकट, लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर आहे. जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतले अंतर इथे नकाशावरही मोजता येते.) स्ट्रिप आणि जुने शहर यांना जोडणारी ड्यूस ही बस रात्रंदिवस धावते, त्यामुळे लांब राहणे अडचणीचे होत नाही. कॅसिनो नसलेल्या, बाजूच्या रस्त्यांवरच्या साखळी हॉटेलांत पुष्कळदा फी नसते आणि कधी न्याहारीही भाड्यातच मिळते. हिल्टन आणि हयात यांच्या गटांत पूर्णपणे पॉइंट वापरून घेतलेल्या खोलीवर फी लावत नाहीत.

प्रत माहितीसाठी: ऐच्छिक म्हणून त्या एकूण आकड्यात न बसणारे पार्किंग शुल्क, लवकर खोली मिळण्याचे शुल्क, बाटली नुसती उचलली तरी बिलात नोंद करणारा मिनीबार, आणि डेबिट कार्डावर अडकून राहणारी, खोली सोडल्यावरही काही दिवसांनी परत येणारी अनामत.